व्हिसाच्या फॉर्मवर आईचं नाव

माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नाही, हे मला वयाच्या चाळिशीत, स्टुटगार्टला बसून कळलं. आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, लिंग स्त्री, आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. आमच्या पिढीत हे सर्रास व्हायचं. जन्माची नोंद बारशाआधी, आणि नंतर नाव चढवायला परत कोण जातंय! पासपोर्ट शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निघाला होता, त्यामुळे इतकी वर्षं काही अडलं नाही. जर्मन नागरिकत्वाचा अर्ज करायला घेतला आणि अडलं. भावाने वाईहून तीन हेलपाटे घातले, तेव्हा कुठे त्या रेघेच्या जागी मी आले.

मग दुसरा तिढा. दाखल्यावर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. अर्ज तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "यातलं तुमचं मधलं नाव कोणतं?" मी म्हटलं, दोन्ही. लग्नाआधी वडिलांचं लागतं, नंतर नवऱ्याचं. "आणि तुमचं स्वतःचं?" ते पहिलं, म्हटलं. त्यांनी हसू दाबलं आणि फाइलवर बरंच काही लिहिलं. ते वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

बाकी कागद म्हणजे पगाराच्या पावत्या, घराचा भाडेकरार, पेन्शन विम्याचा हिशेब, बी-१ पातळीचं जर्मन आल्याचं प्रमाणपत्र. फी २५५ युरो. पूर्वी आठ वर्षं राहावं लागायचं आणि जुनं नागरिकत्व सहसा सोडावं लागायचं. २७ जून २०२४ पासून नवा कायदा आला. पाच वर्षं पुरतात आणि जुनं सोडायची अटही गेली. आम्ही २०१८ साली आलेलो, म्हणजे लगेच पात्र. वरच्या मजल्यावरची तुर्की शेजारीण बकलावा घेऊन आली. म्हणाली, आता तू पण दोन पासपोर्टवाली! तिला सांगावं लागलं, बाई गं, जर्मनी काहीच सोडायला सांगत नाहीये, आमच्याच देशाला दोन पासपोर्ट चालत नाहीत. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातलं नववं कलम सांगतं, की स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. तिला ते पटेना. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलेलं नाही.

नागरिकत्वासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेला लोक उगाच घाबरतात. ३१० प्रश्नांची यादी आधीच जाहीर आहे, ३०० देशाचे आणि १० आपापल्या राज्याचे. त्यातले ३३ येतात, तासाभराचा वेळ, १७ बरोबर आले की पास. सरकारविरुद्ध उघड बोलता येतं ते का, इथपासून ईस्टरला काय रंगवतात इथपर्यंत. (अंडी.) एका प्रश्नाशी मात्र पाठ करतानाच थांबले होते: पश्चिम जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सलर विली ब्रांट १९७० मध्ये पोलंडमधल्या वॉर्सात गुडघ्यांवर का बसले? नाझींच्या काळात आपल्या देशाने केलेल्या पापाची माफी मागताना गुडघे टेकणारा चॅन्सलर, आणि ते नव्या नागरिकाला माहीत असलंच पाहिजे असं मानणारं सरकार. परीक्षेत मला हा प्रश्न आला नाही याची हळहळ वाटली.

चौदा महिन्यांनी बोलावणं आलं. राज्यघटनेचा आणि कायद्यांचा मान राखीन, देशाला अपाय होईल असं काही करणार नाही, एवढं एक वाक्य उभं राहून मोठ्याने वाचायचं. प्रमाणपत्र हातात पडतं त्या क्षणी तुम्ही जर्मन. माझं लक्ष मात्र पर्समधल्या निळ्या पासपोर्टकडे. दहा मिनिटांपूर्वी तो चालू होता.

तो पुढे वकिलातीकडे जमा केला. रद्द होऊन परत आला, सोबत सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे भारताचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला. त्यावर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं) मिळतं, आयुष्यभर येण्याजाण्याची मुभा. मत देता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर चालते, म्हणजे माहेरच्या सातबाऱ्याला धक्का नाही. पण नेमकं याच दिवाळीत भाऊ म्हणाला, "ताई, बांधाला लागून अर्धा एकर निघालंय, तुझ्या नावावर घेऊया का?" लहानपणी त्याच बांधावरच्या बोरी आम्ही झोडपायचो.

ओसीआय यायला वेळ होता आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तोंडावर. मग ई-व्हिसा. भारत सरकारच्या संकेतस्थळावर जर्मन नागरिक म्हणून अर्ज भरायला बसले. नागरिकत्व जन्माने की नंतर मिळालेलं? आधीचं नागरिकत्व? अंगावरची ओळखखूण? कोणत्या गावांना जाणार? वाई. भारतातल्या ओळखीच्या व्यक्तीचं नाव, पत्ता, फोन. आईचं नाव घातलं आणि तिला फोन केला.

"म्हणजे ते मला विचारतील?"

"विचारलं तर."

"मग काय सांगू?"

"सांग, ओळखते म्हणून."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि येताना ती मागच्या वेळची कॉफी आण."