दुसरा कोस

1972 च्या जूनमध्ये मी आठवीत आपल्या शाळेच्या बोर्डिंगमध्ये दाखल झालो, आणि त्या वर्षी नगर जिल्ह्याकडे पावसाने पाठच फिरवली. ताटात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी असे, विहिरीत सोडलेला पोहरा तळाच्या दगडावर आपटे, आणि आमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. शाळेने मला गणित दिले, इंग्रजी दिले, त्यावर पुढे नोकरीही लागली; पण त्याविषयी या स्मरणिकेत माझ्याहून हुशार विद्यार्थी लिहितीलच. मला लिहायचे आहे ते धर्मशिक्षणाच्या एका तासाविषयी.

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. दर शुक्रवारी आम्ही चर्चमध्ये क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरचे प्रसंग आठवत करायची प्रार्थना, चालत असू, आणि तिच्या चौदा स्थानांपैकी पाचव्या स्थानावर कुरेनेकर शिमोन भेटतो. शेताकडून येत असलेला हा माणूस. शिपायांनी त्याला रस्त्यातच अडवून येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘वेठीस धरले’ असे शब्द आहेत. गुरुजींनी ते फळ्यावर लिहिले आणि वेठ म्हणजे काय, असे विचारले. त्या वर्गात तो शब्द कोणाला शिकवावा लागणार नव्हता. आमच्या आज्या-पणज्यांनी गावाची वेठ केलेली होती. निरोप घेऊन धावायचे, लाकडे फोडून द्यायची आणि बदल्यात शिळे तुकडे घेऊन यायचे.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभे राहून विचारले, “गुरुजी, माझी आई खडी फोडते. तोच तिचा क्रूस का?”

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाही रे. ती वेठ आहे.” त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडला. कोणी तुला वेठीस धरून एक कोस नेले, तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, असे येशू तिथे सांगतो. “पहिला कोस वेठीस धरणाऱ्याचा,” गुरुजी म्हणाले. “दुसरा कुठून येतो, ते तुम्ही बघत जा.” शिमोनाच्या दोन मुलांची नावे, आलेक्सांद्र आणि रूफ, शुभवर्तमान लिहिणाऱ्यांपैकी एकट्या मार्कानेच का नोंदवली असावीत, हेही त्यांनी विचारले होते. त्यांचा तर्क असा की, ते घर पुढे विश्वासणाऱ्यांच्या ओळखीचे झाले असावे; म्हणजे तो माणूस क्रूस खाली ठेवून आला तसा निघून गेला नसावा.

उपाशी माणसाला सहनशीलतेचे धडे देणे सोपे असते, आणि तसे देणारे प्रवचनकार मला पुढे पुष्कळ भेटले. दुःख देवाने पाठवले आहे, मुकाट्याने सोसा, हे वाक्य गुरुजींच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाही. ते पंडिता रमाबाईंची हकिकत सांगत. वडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायी हिंडणाऱ्या या मुलीने दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. 1883 साली इंग्लंडमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तिने उपासमारीने खंगलेल्या मुली आणि विधवा गोळा करून आणल्या. दौंडजवळच्या केडगावात त्यांच्यासाठी घर उभे राहिले. “भूक काय असते हे बाईंना ठाऊक होते,” एवढेच गुरुजी म्हणत आणि पुढच्या धड्याकडे वळत.

मे महिन्याच्या सुट्टीत मी वडिलांची भाकरी घेऊन कामावर गेलो. हातोडीचा घाव चुकल्यामुळे त्यांच्या डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. मजुरी मापावर मिळे. मुकादम माप घ्यायला येण्याआधी वडिलांनी आपल्या ढिगातली दोन पाट्या खडी उचलली आणि शेजारच्या म्हातारीच्या ढिगावर ओतली. ती काही बोलली नाही, वडीलही नाहीत. वडील चर्चमध्ये मागे बसत आणि प्रवचनाच्या वेळी हमखास डुलकी घेत, त्यामुळे मत्तयाचा पाचवा अध्याय त्यांच्या कानावर कितपत पडला असेल, याची मला शंकाच आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघात झाला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. पहिले वर्षभर मी हे सारे वेठबिगारासारखे केले. चुकवता आले असते तर चुकवले असते. हे लिहिताना लाज वाटते, पण शाळेच्या स्मरणिकेत तरी खोटे लिहू नये. फरक नेमका केव्हा पडला, ते सांगता येत नाही. एका रात्री गजर झाला, मी तिला वळवले, पाठीला उशी लावली आणि परत झोपायला न जाता फणी घेऊन तिचे केस विंचरत बसलो. डॉक्टरांच्या कागदावर ते लिहिलेले नव्हते.

बोर्डिंगची आम्ही मुले सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मारियेच्या, यात्रेला अनवाणी चालत जायचो, आणि गुरुजीही आमच्याबरोबर अनवाणीच असत. नोकरी लागल्यावरही मी ती वारी चुकवली नव्हती. या आजारपणात मात्र ती खंडली. यंदा पत्नीनेच विषय काढला. तिला शब्द अजून नीट फुटत नाहीत, तरी पुन्हा पुन्हा सांगितले, “जाऊन या. पण चपला घालून जा.” मुलीला एका दिवसासाठी बोलावून घेतले, औषधांच्या वेळा लिहून भिंतीवर लावल्या, आणि मी चपला घालून निघालो.