फणसाचं हाफ तिकीट

मे महिन्यातली दुपार. जेवणं झालेली, हाताला बांगड्याच्या तिखल्याचा वास तसाच, आणि आमचे काका ओटीवरच्या आरामखुर्चीत. पेपर हळूहळू छातीवर आला, मान कलली, आणि काका अगदी स्वच्छ, व्यवहारी आवाजात म्हणाले, "रे, फणसाचा हाफ तिकीट काढलंस काय?"

ओटीवर मी एकटाच होतो, म्हणजे प्रश्न मलाच होता. "काढलंय," मी म्हणालो. काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग दचकून त्यांनी डोळे उघडले, पेपर सरळ केला आणि मी काही विचारायच्या आत जाहीर केलं, "मी जागोच होतंय."

आपल्याकडे दुपारी कोणी झोपतच नाही. बाजारातली शटरं खाली, कुत्रीसुद्धा एसटी स्टँडच्या सावलीत आडवी, पण कोणालाही विचारा, तो "जरा पडलो होतो" एवढंच कबूल करणार. असो.

मला ते तिकीट सोडवेना. कारण बघायला गेलं तर त्यात चूक काय होती? फणस इथून एसटीनंच मुंबईला जातो. लगेजवरून कंडक्टरशी हुज्जत होते. एसटीत लहान मुलांना अर्धं तिकीट आहे, पासष्टी ओलांडलेल्यांना आहे, पंचाहत्तरीनंतर तर फुकटच, आणि २०२३ पासून बायकांनाही अर्धं. सवलतीवाचून राहिला कोण? फणस. हे जागेपणी काकांना कधीच सुचलं नसतं. जागेपणी काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आहेत. कागद अपुरा असेल तर ते देवालाही परत पाठवतील.

डोळा लागायच्या आधीची ती दोन-चार मिनिटं प्रत्येकाला माहीत असतात आणि कोणीच त्यांच्याबद्दल बोलत नाही. पंख्याची घरघर कधी माणसांची कुजबुज होते ते कळत नाही. समुद्राची गाज कौलांवर येऊन बसते. आपण उद्याच्या लाइट बिलाचा विचार करत असतो, आणि त्याच विचाराचं दुसरं टोक बघावं तर ते बिल एका घोड्याला भरायचं असतं, आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही. अनोळखी चेहरे येतात. चांगले रेखीव, एखाद्याच्या गालावर चामखीळसुद्धा. हे लोक कोण, कुठले, आपल्या डोक्यात राहायला कधी आले, देव जाणे. मग विहिरीची शेवटची पायरी चुकते, पाय झटकला जातो आणि सगळी जत्रा उठते.

फ्रान्समधल्या आल्फ्रेड मोरी नावाच्या विद्वानानं १८४८ साली या भासांना हिप्नॅगॉजिक असं भारदस्त नाव दिलं. आमच्या घरात त्याच्यासाठी नाव नव्हतं. आमच्या घरात आजी होती.

आजी गोष्ट सांगायची ती रात्री, लाइट गेल्यावर. लाइट रोज जायची, त्यामुळे गोष्टही रोज. माजघरात सारवलेल्या जमिनीवर एक लांबच लांब अंथरूण, त्यावर मे महिन्याची आलेली सगळी चुलत-आते-मावस भावंडं ओळीनं, आणि मधोमध आजी. पहाटे चारला उठून चुलीपुढे गेलेली, दिवसभर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडलेली, आल्यागेल्यांना वाढलेली बाई. अशा बाईनं रात्री आडवं होऊन गोष्ट सांगायची म्हणजे गोष्टीचं काय होणार? राजा शिकारीला निघायचा तोवर आजी ठणठणीत असायची. रानात वाघ भेटायचा तेव्हा तिचा आवाज जड व्हायला लागायचा. आणि मग आम्ही ज्याची वाट बघत असायचो ते सुरू व्हायचं.

"वाघ राजाक म्हणता…" आजी थांबायची. पुन्हा, "वाघ राजाक म्हणता, खोबरा वाळत घातलंय, कावळ्यांका हाकलूक कोण बसलो हा?"

अंथरुणात सगळीकडे खसखस. कोणीतरी हसू दाबत तिचा दंड हलवायचं. "आज्ये, मगे?"

"मगे काय," आजी डोळे न उघडता म्हणायची, "मगे राजा बसलो थंय खोबऱ्याकडे. आणि वाघ गेलो राज्य करूक."

आता सांगा. शहाण्या, जाग्या माणसानं रचलेल्या गोष्टीत वाघ मरतो नाही तर राजा मरतो. आमच्या गोष्टीत त्यांची बदली व्हायची. पुढे त्या वाघाच्या दरबारात रेशनचं रॉकेल यायचं, धाकटी राणी दाढदुखीनं हैराण व्हायची, प्रधान देवगडला आंब्याच्या पेट्या घेऊन गेलेला असायचा तो मिरगाचा पाऊस लागला तरी परतायचा नाही. आजीचा अख्खा दिवस त्या गोष्टीत शिरायचा, पण सोंगं घेऊन. दुसऱ्या दिवशी आम्ही "काल राजा खोबरं राखत होता, पुढे काय?" असं विचारलं की आजी भडकायची. असली वेडीबागडी गोष्ट आपण सांगूच शकत नाही, तुम्हीच मेल्यांनी स्वप्नात बघितली असेल, हे तिचं ठाम मत. एकूण काय, "मी जागोच होतंय" हे आमच्या घराण्यातच आहे.

पुढे मोठेपणी एडिसनबद्दल वाचलं. तो म्हणे हातात लोखंडी गोळे धरून खुर्चीत डुलकी काढायचा. झोप लागली की मूठ सैल पडायची, गोळे खाली आपटायचे, तो जागा व्हायचा आणि त्या क्षणी डोक्यात जे काही असेल ते धरून ठेवायचा. साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकारानं १९४८ साली असाच आपला तोडगा लिहून ठेवला आहे: बोटांच्या चिमटीत जड किल्ली धरायची आणि खाली जमिनीवर ताटली पालथी घालून ठेवायची. वाचलं आणि एकदम उलगडलं. आजीच्या बाबतीत तो गोळा आणि ती किल्ली आम्ही पोरंच होतो. फरक इतकाच की एडिसन स्वतःच झोपायचा, स्वतःच जागा व्हायचा आणि फायदाही स्वतःच घ्यायचा. आजीच्या डुलकीची सगळी मिळकत आमच्या खिशात.

एडिसनची ही गोष्ट पॅरिसमधल्या काही संशोधकांनी मनावर घेतली. त्यांनी माणसांना गणितं सोडवायला दिली. गणितं किचकट, पण त्यात एक छुपी युक्ती होती. ती सापडली की उत्तर चुटकीसरशी. ज्यांना ती सापडली नाही त्यांना वीस मिनिटं अंधाऱ्या खोलीत हातात एक भांडं देऊन आरामात बसवलं, डोक्याला तारा लावल्या आणि नंतर पुन्हा गणितं दिली. जे जागेच राहिले त्यांच्यातल्या ३० टक्क्यांना युक्ती सापडली. जे झोपेच्या अगदी पहिल्या टप्प्यात जेमतेम पंधरा सेकंद जरी शिरले त्यांच्यातल्या ८३ टक्क्यांना. आणि जे त्याहून खोल गेले त्यांच्यातल्या फक्त १४ टक्क्यांना. २०२१ सालचा हा प्रयोग. मला यातला शेवटचा आकडा फार आवडतो. उंबऱ्यावर बसलात तर मिळेल, घरात शिरलात तर नाही.

पण खरं सांगू, हे सगळं कामाला जुंपणं मला रुचत नाही. उशाशी वही-पेन घेऊन झोपणाऱ्यांबद्दल माझ्या मनात एक अढी आहे. दिवसाचे सोळा तास आपण डोक्याकडून हिशेब मागत असतो. उरलेल्या दोन मिनिटांत ते स्वतःपुरतं काही बरळत असेल तर तिथंही पावतीपुस्तक घेऊन उभं राहायचं? काकांनी फणसाचं तिकीट लिहून ठेवलं असतं तर त्याचा अर्ज झाला असता.

दिवसभराचं काम रात्री डोळ्यांपुढे येतं याचा दाखला कोकणात कोणाकडेही मिळेल. एप्रिलमध्ये आमच्या पडवीत आंब्याची अढी असायची. पेंढ्यात आंबे लावायचे, उलटायचे, तयार झालेले वेगळे काढायचे, लहान-मोठा बघून पेटीत भरायचे. दिवसभर हे केलेल्या माणसानं रात्री डोळे मिटले की आंबे. देठाकडून पिवळे होत आलेले, एकामागून एक, कोणीतरी अजून हातात देतंय. पाय दुखत असले तरी आंबे थांबत नाहीत. जाळी विणणारे सांगतात की त्यांना आसं, म्हणजे जाळ्याची भोकं, दिसतात, भात लावणाऱ्यांना चिखलातली रोपं.

हार्वर्डच्या संशोधकांनी हेच टेट्रिस खेळायला लावून बघितलं. २००० साली ते छापून आलं. वरून पडणाऱ्या चौकटी जुळवायचा तो खेळ. लोकांना तीन दिवसांत सात तास खेळवलं आणि झोप लागता लागता काय दिसतं ते विचारलं. निम्म्याहून जास्त जणांना पडणारे तुकडे दिसले. त्यांच्यात पाच जण असे होते की ज्यांची स्मरणशक्ती मेंदूला इजा होऊन गेलेली होती. खेळ त्यांना दर वेळी नव्यानं समजावून द्यावा लागे, आदल्या दिवशी आपण खेळलो हे त्यांच्या गावीही नसे. पण त्यांच्यातल्या तिघांनी डोळा लागता लागता तुकडे पडताना पाहिले. हे कसले तुकडे, ते काही त्यांना सांगता येईना.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. शेवटी शेवटी आजीला आमची नावं आठवत नसत. मुलगा कोण, नातू कोण, याचा मेळ नाही. तिच्या लेखी आजोबा बाजारात गेलेले आणि येतच असलेले. पण दुपारी खाटेवर तिचे डोळे मिटायला लागले की चादरीवर तिची बोटं चालू व्हायची. अंगठ्यानं दाबायचं, बी काढायचं, साल एका बाजूला. रातांबे. नाव-गाव सगळं पुसून गेलं होतं आणि बोटांना मे महिना पाठ होता. आई तिच्याजवळ बसून असायची. एकदा तिनं हळूच विचारलं, "किती झाले?" आजी म्हणाली, "खूप रवले हत." बोटं चालूच.

तर ते असो. मला खरं म्हणजे किल्ल्याबद्दल लिहायचं होतं.

झोपण्यापूर्वी प्रत्येकाचं काहीतरी ठरलेलं असतं. कुडाळचा माझा एक मित्र गेली कित्येक वर्षं रोज रात्री वानखेडेवर फलंदाजीला उतरतो. पॅड बांधतो, ग्लोव्हज घालतो, जिना उतरतो. शेजारच्या वहिनी नव्या स्वयंपाकघराची मांडणी करतात. ओटा पूर्वेला की खिडकीपाशी, यातच त्यांचा डोळा लागतो. माझा किल्ला आहे. सिंधुदुर्ग. लहानपणी मालवणच्या धक्क्यावरून होडीनं पहिल्यांदा नेलं तेव्हापासून तो मी ताब्यात घेतला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतला, समुद्रात अठ्ठेचाळीस एकरांचा पसारा, जवळ जाईपर्यंत दिसत नाही असा दरवाजा. पण त्या वयात मला वेड लावलं ते विहिरींनी. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्हीत गोडं पाणी. म्हणजे किल्ला लढवता येणार होता. पाण्याची ददात नाही.

रात्री गोधडीत शिरलो की मी किल्लेदार. शत्रू येतोय, कोणता ते कधी ठरलं नाही, आणि पावसाच्या आत किल्ल्यावर शिबंदी आणि शिधा पोचवायचा आहे. भाताची पोती आधी. मग कुळथाचं पीठ, मीठ, सोलं, सुके बांगडे, सुकट. सुकट आणि पीठ एका होडीत घालायचं नाही. लाकूडफाटा. आजीला न्यायचंच, पण ती गाईला सोडून येणार नाही, मग गाय होडीत कशी चढवायची? भावंडांना बुरूज वाटून द्यायचे. त्यातला एक रडका होता, त्याला तटावर ठेवला तर शत्रूला आमचा ठावठिकाणा कळेल, म्हणून त्याला दहीबावेवर नेमायचा. नियम कडक होता: काल कुठवर आलो होतो ते धरायचं नाही, रोज धक्क्यावरून पहिल्या पोत्यापासून सुरुवात. बहुतेक रात्री गाय आणि होडी यांच्या दरम्यानच माझा कारभार आटपायचा. तोवर पोती आपापसात बोलायला लागलेली असायची आणि गाय सांगायची की तिच्याकडे परतीचं तिकीट आहे.

लढाई कधीच झाली नाही. एक तोफ उडाली नाही.

अजूनही रात्री जातो. पण आता पसारा वाढलाय. रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्याव्या लागतात, मेडिकलवाला एकदम देत नाही. तो रडका भाऊ आता पुण्यात असतो, येताना सुनेला आणि नातवंडांना घेऊन येतो म्हणतो, आणि त्यांना सुकट चालत नाही. एवढ्या माणसांना होड्या पुरायच्या कशा, आणि मिरग लागला की होड्या तर बंदच. शत्रूला म्हटलं, तू दिवाळीनंतर ये.