रोहित बघायला जाताय? आधी तिथी बघा

‘रविवारी पहाटे उठून नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या तळ्यावर गेलो, एकही फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी नाही. यंदा आलेच नाहीत का?’ हा प्रश्न दर हिवाळ्यात ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट सांगतो.

आलेत. तुम्ही पोचलात तेव्हा ते खाडीत खात होते, एवढंच. ठाणे खाडीचं पाणी ओसरलं की कांदळवनापुढचा चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी त्यावर उतरतात. भरतीत तो चिखल बुडाला की त्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. मग थवे नेरूळ-सीवूड्सच्या उथळ तळ्यांवर येऊन थांबतात, ओहोटी लागली की परत जातात. सकाळ-संध्याकाळ हा आपला हिशेब झाला, त्यांचा नव्हे. तळ्यावर जायचं ते भरतीला.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना आडाखा अजूनही कामाला येतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आतवर पाणी थोडं उशिरा चढतं, तेवढं धरून चाला. पौर्णिमेच्या पहाटे सव्वापाचच्या आसपास पूर्ण ओहोटी असते, म्हणून सातला तळं रिकामं दिसतं. त्या दिवशी साडेदहाला जाऊन साडेबारापर्यंत थांबायला हवं.

वेळ बरोबर काढूनही काहींची निराशा होते, कारण दिवस भांगाचा, म्हणजे कमी भरतीचा असतो. अष्टमीच्या आगेमागे पाणी कमी चढतं, चिखलाचा बराच भाग उघडाच राहतो आणि पक्ष्यांना खाडी सोडायची गरज पडत नाही. तळ्यासाठी उधाणाचे दिवस निवडा, साधारण चतुर्दशी ते तृतीया. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून होडीने जायचं असेल तर होडीच्या वेळाही भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलतात, त्या आधी विचारून घ्या.

दिसले की चोच बघा. आपल्या खाडीत बहुसंख्य असतो तो छोटा रोहित. त्याची चोच काळपट लाल, लांबून काळीच वाटते. मोठ्या रोहितची चोच गुलाबी, फक्त टोक काळं. रंगाच्या गडदपणावर मात्र विसंबू नका. गुलाबी रंग खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे येतो, तो पक्ष्यागणिक कमी-जास्त असतो. थव्यातले राखाडी-मळकट पक्षी आजारी नसतात. ती पिल्लावळ असते, अंगावर गुलाबी चढायला दोन-तीन वर्षं लागतात.

खाण्याची पद्धत तर डोळे भरून बघावी अशी. दोघेही डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात, जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करून पाणी आत ओढतात, बाहेर ढकलतात, आणि चोचीच्या कडेच्या झालरीत अन्न अडकतं. छोट्याची झालर अतिशय बारीक, सूक्ष्म शेवाळ गाळणारी. म्हणून तो वरच्या पाण्यावर चोच डावी-उजवी फिरवत चालतो. मोठ्याची झालर जाड. तो मान खोल घालून तळाशी किडे, कोलंबीच्या जातीचे बारके जीव शोधतो, कधी एका जागी पाय आपटत गोल फिरून चिखल ढवळतो. म्हणूनच एकाच चिखलावर दोघांचं निभतं.

तळ्याला भरतीचं पाणी आणणाऱ्या नाळी तुंबल्या की हे सगळं कोलमडतं. पाणी आटलं की चिखल कडक होतो, साचून खोल झालं तर छोट्याला उभं राहता येत नाही. दोन्ही वेळा थवा वरून घिरट्या घालून निघून जातो.

काठावर गेलात की खाली उतरू नका, ड्रोन तर नकोच. सगळ्यांच्या माना एकदम ताठ झाल्या आणि थवा एका दिशेने चालू लागला, तर तुम्ही फार जवळ आला आहात. तिथूनच मागे फिरा. रोहितला उडण्याआधी पाण्यावरून धावावं लागतं. आणि भरती असताना इथून उठवला, तर खाडीत उतरायला त्याला जागा नसते.