पाच पायांचा बैल

दुपारी चपात्या लाटत होते, तर शेजारचा ज्युनियर केजीतला बारका आला आणि कणकेचा गोळा मागून ओट्याखाली बसला. बैल करायचा होता म्हणे. म्हटलं, तुझा बैल कालच शाळेत गेला न्हवं? तर म्हणाला, ‘तो मम्मीचा.’

खरंच होतं. शाळेनं बेंदराला मुलांकडून बैल मागवले होते. ‘रात्री बारापर्यंत जागलो की ओ काकी,’ त्याची आई जिन्यात सांगत होती. (कोल्हापुरात आयाही जागलोच म्हणतात.) थर्माकोलचा बैल, जरीची झूल, हलणारे डोळे. पहिला नंबर आला. कुणाचा, ते विचारायचं नसतं.

आमच्याकडं बेंदूर आषाढातच. श्रावणातल्या पोळ्यापर्यंत कोण थांबतंय! आजी गंगावेशीकडून मातीची बैलजोडी आणायची आणि माझ्यासाठी कुंभारणीकडून मूठभर चिखल मागून घ्यायची. चिखल हातात आला की लगेच बैल सुचत नाही. आधी तो मुठीत दाबून बोटांच्या फटींतून बाहेर काढायचा, वास घ्यायचा, भावाच्या पाठीला थोडा पुसायचा. मग बैल. शिंगं मोठी केली की मान लवायची, मान जाड केली की पाय खचायचे, पाणी लावावं तर सगळाच बसायचा. माझा बैल दरसाल पोटावर. मी रडकुंडीला आले की आजी म्हणायची, ‘ऱ्हाऊ दे, दमलाय त्यो. रान नांगरून आलाय.’ आणि पाटावर कुंभाराच्या जोडीशेजारी माझा दमलेलाही बसायचा. पुरणपोळीचा घास त्यालाही.

पुढं डी.एड.ला ताराबाई मोडकांचा धडा आला. १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, दगडगोटे मुलांच्या हातात दिले, वगैरे. पाच मार्कांना होतं. लिहिताना चिखलाचा वास आला होता, पण तो उत्तरपत्रिकेत कुठं लिहिणार?

‘झाला!’ बारक्यानं बैल वर धरला. शिंगं नाहीत, शेपूट नाही, पाय पाच.

‘पाचवा कशाला रे?’

‘पडू नये म्हणून.’

पोटाखाली मधोमध, टेकू दिल्यासारखा. इतकी वर्षं चिखल मळून मला हे सुचलं नव्हतं.

फ्रीजवर ठेवलाय. उभा आहे अजून. मुंग्या लागल्यात, ते सोडा.