वीस वर्षांचं गणित

बुधवार, रात्री अकरा

रोज दारात येऊन बचतीचे पैसे नेणारे पिग्मीवाले अण्णा उद्यापासून यायचे नाहीत. साडेसातला पन्नास रुपये घेतले, मशीनमधून पावती फाडून दिली आणि म्हणाले, "अक्का, आज शेवटचं. गुडघे चालू देत नाहीत." निघताना रोजच्यासारखं कानडीत "बर्तीनी", येतो, म्हणाले. शटर निम्मं ओढून मी तशीच उभी राहिले.

खरं तर मन बिघडलं होतं ते दुपारीच. पुण्याहून भाच्याचा फोन आला होता. "आत्ती, महिन्याला दीड हजार, वीस वर्षं. एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला टाकून, बारा टक्क्यांनी १५ लाख झाले असते. तुझ्या पिग्मीत तीन टक्क्यांनी ५ लाखही नाहीत."

ब्लाउजच्या मापांच्या वहीत मागच्या पानावर मांडून बघितलं. त्याचं बरोबर आहे. भरले असते ३ लाख ६० हजार आणि फरक दहा लाखांचा. एका साडीच्या फॉल-पिकोचे शंभर धरले तरी दहा हजार साड्या. एवढं मी घालवलं? जेवण गेलं नाही. शहापुरात दुकान थाटलं तेव्हा मला हे कुणी का सांगितलं नाही? ते दहा लाख असते तर...

मग जुन्या पावत्यांची पिशवी काढली. पैसे वीस वर्षं राहिले होतेच कुठे! पोरीची फी. २०१९ च्या ऑगस्टात दुकानात पाणी शिरलं, तेव्हा शिलाई मशीनची मोटर. एप्रिल २०२० मध्ये दुकान बंद, घरात दादाची औषधं. त्या जानेवारीत ४२ हजारांवर गेलेला शेअर बाजाराचा सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली आला होता. एसआयपी असती तर मी तेव्हाच मोडली असती. वर्ष संपायच्या आत बाजार वर आला, तेही खरं. पण औषधं तोवर थांबणार नव्हती. भाच्याच्या गणितात वीस वर्षं कुणी आजारीच पडत नाही.

अण्णांनीच एकदा सांगितलं होतं, ही योजना १९२८ ची, उडुपीकडची. पुढे जी सिंडिकेट बँक झाली, तिनं रोजच्या दोन आण्यांपासून सुरू केली. महिनाअखेरीला ज्यांच्या हातात काही उरत नाही त्यांच्यासाठी. दारोदार फिरणाऱ्याचं कमिशन द्यावं लागतं, मग व्याज कमीच मिळणार. मी ते कमिशन आनंदानं भरलं. अण्णा दारात आले नसते तर ते पन्नास रुपये रात्रीपर्यंत गल्ल्यात टिकले नसते, हे माझं मला ठाऊक आहे.

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. दादाला हे फार उशिरा कळलं. त्याबद्दल आज नको.

पण गेली चार वर्षं मी पिग्मीला हात लावलेला नाही, हेही पिशवीतच दिसलं. अस्तराचा भाव कुठल्या कुठे गेला आणि माझे पैसे तीन टक्क्यांवर पडून आहेत. इथं पोराचं ऐकायला हवं. त्याला मेसेज टाकला, "पाचशेची सुरू करून दे. बाकीचे हजार मी बघते."

शुक्रवार

साडेसातला गल्ल्यातून पन्नासची नोट काढली आणि बॉबिनच्या डब्यात ठेवली. कालची तिथंच आहे. समोरचा टेलर विचारत होता, डब्याची किल्ली त्याच्याकडे ठेवू का म्हणून. उद्या देईन.