क्लच नक्की कुणाच्या पायाखाली?

लायसन्स असलेलं माणूस माझ्याकडे पुन्हा शिकायला आलं की मी आधी त्याचा डावा पाय बघतो. रत्नागिरीत गाडी शिकवायला लागल्यापासूनची ही सवय. तरी गेल्या महिन्यातल्या फणसोपकडच्या वहिनी डोक्यातून जात नाहीत.

त्या एका क्लासात शिकल्या होत्या, टेस्ट पहिल्याच वेळी पास. दारात नवी पेट्रोल गाडी. नवरा मुंबईला, घरी सासरे, आणि त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी भाट्याचा पूल ओलांडून सिव्हिलला न्यायचं. पण गाडी खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, वर निघत नव्हती. आपल्याकडे घर खाली आणि रस्ता वर. दोन गडग्यांमधला (दगडी कुंपणांमधला) अरुंद चढाव, आणि तो संपतो तिथेच थांबून दोन्हीकडची वाहनं बघायची. म्हणजे ऐन चढावावर गाडी उभी करायची आणि तिथूनच उचलायची.

वहिनींनी करून दाखवलं. पहिला गिअर, क्लच सोडला, झटका, बंद. परत तेच. सासरे पडवीतून बघत होते, त्यामुळे वहिनींचा हातही कापत होता.

सीट फार मागे होती. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. त्यांचा पाय ताठ होत होता आणि टाच अधांतरी. अख्खी मांडी उचलून पेडल सोडलं तर ते मध्ये थांबवता येत नाही. टाच खाली टेकवून पाय घोट्यातून हलला तरच क्लच सावकाश सुटतो. हे पहिल्या दिवशीच सांगायचं असतं.

दुसरं कारण क्लासच्या गाडीत होतं. शिकाऊ पायांनी तिची क्लच प्लेट झिजलेली असते, आणि केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजली की क्लच अगदी वर आल्यावर पकडतो. नव्या गाडीत तो बराच खाली पकडतो. वहिनी सवयीने पेडल वरपर्यंत झटकन आणायच्या. इंजिनावर भार त्याआधीच पडलेला असायचा.

गाडी मी वर काढली आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या माळावर, सपाटीला नेली. रेसला पायच लावायचा नाही, नुसत्या क्लचवर गाडी हलवायची. नजर पेडलवर नको, समोरच्या विजेच्या खांबावर. आणि मी बोलणं बंद केलं. ‘सोडा, सोडा, थांबा’ म्हणत बसलं की माणूस आपलं तोंड ऐकतं, इंजिन ऐकत नाही. हळूहळू त्यांना कळलं: आवाज खाली उतरतो, तळपायाला बारीक थरथर लागते, तिथे पाय धरून ठेवला की गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. चेहरा बदलला तो तिथे.

मग चढाव. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थरथर येईपर्यंत क्लच वर, थोडी रेस, गाडीचं नाक किंचित उचललं की हँडब्रेक खाली. सुरुवातीला त्या गाडी हाफ क्लचवरच, म्हणजे अर्धवट सोडलेल्या क्लचवर, धरून राहिल्या. जळका वास आला. क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट या इंजिनाबरोबर फिरणाऱ्या दोन चकत्यांमध्ये घसरत राहते, तापते, वास येतो तो तिचा. गाडी बंद करून थांबलो. थांबून राहायचं असेल तर हँडब्रेक, क्लच नव्हे, एवढंच सांगितलं. त्यानंतर गाडी गडग्यांमधून वर आली, थांबली, आणि मागे न सरकता रस्त्याला लागली.

वहिनी म्हणाल्या, “दादा, माझ्या पायाला हे असं कधीच लागलं नव्हतं. मग त्या क्लासात गाडी कोण चालवत होतं?”

उत्तर मला माहीत होतं. क्लासच्या गाडीला डबल कंट्रोल असतं, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक; १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच ते सक्तीचं आहे, आणि हवंच. पण शिकवणाऱ्याने आपला क्लच दाबला की शिकणाऱ्याचं पेडलही खाली जातं. त्याला वाटतं, आपणच दाबलं. शिकवणारा कधी गर्दीला घाबरून, कधी मालकाची प्लेट वाचवायला पाय तिथेच ठेवतो. नियमात निदान २१ दिवस आणि प्रत्यक्ष १० तास लिहिलेत. त्यातले किती तास वहिनींच्या स्वतःच्या पायाचे होते? हा आळस नाही, ही फसवणूक आहे, असं मला वाटतं.

त्या आता सासऱ्यांना स्वतः नेतात.

निदान सड्यासारख्या मोकळ्या जागेत शिकवणाऱ्याने दोन्ही पाय मागे घ्यावेत, असं मी आमच्या धंद्यातल्या एकाला बोललो. तो म्हणाला, “प्लेट काय तू बदलून देणार?” खर्च खरा आहे. मी तो फीमध्ये धरतो आणि आधीच सांगतो. काही जण त्यामुळे स्वस्तातल्या क्लासाकडे जातात. उद्या पावसात अशाच एखाद्या चढावावर गाडी उचलायची वेळ त्यांच्यावर येणार, आणि त्यांना वाटत असणार की आपल्याला क्लच येतो.