हाड बसलं, प्लास्टर सेट झालं

मनगट मोडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हाड सेट करावं लागेल." तासाभरानं फोनवर आईनं विचारलं, "बसवलं का रे हाड?" दोघं एकच बोलत होते, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं, असं लिहायला बरं वाटेल. खरं तर तेव्हा मी फक्त कण्हत होतो.

नंतर रिकामपणी कोश चाळला. ऑक्सफर्डच्या १९८९च्या आवृत्तीत या एवढ्याशा 'सेट'ला ४३० अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्दांची नोंद! अख्खी कादंबरी झाली ही. पुढे 'रन'नं त्याला मागे टाकलं; एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. पण माझा जीव सेटमध्येच अडकला.

त्याचं मूळ जुन्या इंग्रजीत, 'सिट'च्या प्रयोजक रूपात. बसणे, बसवणे. एवढं कळलं की अर्धी गर्दी पांगते. खडा सेट करतात, आपण बसवतो. सूर्यसुद्धा सेट होतो, म्हणजे दिवसभर चालून बिचारा खाली बसतो. आपला मावळतो, ते जास्त देखणं. कपांचा सेट मात्र दुसऱ्या घराण्यातला. तो फ्रेंचमार्गे लॅटिन 'सेक्टा'पासून आला, म्हणजे एका मार्गानं जाणारे, पंथ. सहातला एक कप फुटला की उरलेले पाच असे पोरके का दिसतात, ते आता कळलं.

इंग्रजीला हसावं, तर आपलं 'बसणं' कुठं शहाणं आहे? घसा बसतो, विश्वास बसतो, धक्का बसतो. धंद्यात जम बसला तर पेढे, आणि धंदाच बसला तर डोक्याला हात. परक्या माणसानं हे शिकायचं कसं?

डॉक्टरांनी ओल्या पट्ट्या गुंडाळल्या आणि बजावलं, "सेट होईपर्यंत हलवू नका." काही मिनिटांत हात आतून कोमट झाला. प्लास्टर वाळून घट्ट होत नाही. ते पाणी आपल्यात बांधून घेतं आणि त्या भरात तापतं. इथं बसणं उपयोगाचं नाही, वाळणं तर चूकच.

संध्याकाळी आईचा पुन्हा फोन. "वाळलं का प्लास्टर?"

"हो," म्हटलं, "वाळलं."